थर फॉल्टने फुटला की नदीने?

तुमचा प्रश्न मी असा समजलो. मुंबईत भूशास्त्र शिकताना डोळ्यांसमोर सगळा बेसाल्टच (लाव्हाचा काळा खडक) होता आणि आता प्रकल्पासाठी वर्धा खोऱ्यातल्या बोअरहोलचे लॉग, म्हणजे जमिनीत पाडलेल्या खोल भोकांतल्या खडकांच्या नोंदी, हातात आले आहेत. फॉल्टच्या (खडक जिच्या बाजूने सरकतात त्या भेगेच्या) पश्चिमेला कोळशाचा थर सलग, सोळा मीटरच्या आसपास जाडीचा. पूर्वेला तोच थर तीन भागांत फुटलेला, मधे शेल (चिखलाचा खडक) आणि सँडस्टोन (वाळूचा खडक). मार्गदर्शक म्हणाले, "टेक्टॉनिक्स," म्हणजे भूहालचाल. तुम्हाला ते पटलेलं नाही. फॉल्टने थर तोडला म्हणजे थर आधी होता, मग आधीच साचून झालेल्या थराची जाडी नंतरचा फॉल्ट कशी काय ठरवणार?

शंका अगदी रास्त आहे. माझी सगळी नोकरी विदर्भात आणि छत्तीसगडमध्ये कोळसा शोधण्यात, कोअर बॉक्सच्या (बोअरहोलमधून काढलेल्या खडकाच्या दांड्या ठेवायच्या पेट्यांच्या) रांगांसमोर उकिडवं बसण्यात गेली. आता ठाण्यात राहतो. त्या अनुभवावरून सांगतो, तुमच्या मार्गदर्शकांचं उत्तर चुकीचं नसेलही, पण अपुरं नक्की आहे. भूहालचाल झाली एवढं म्हणून भागत नाही. ती कधी झाली हे सांगावं लागतं: गाळ साचायच्या आधी, साचत असताना की साचून झाल्यावर. यातली गंमत अशी की एकाच फॉल्टवर या तिन्ही गोष्टी घडलेल्या असू शकतात. गोंडवना खोऱ्यांत, म्हणजे आपला बहुतेक कोळसा ज्यांत आहे त्या जुन्या खोऱ्यांत, तर बहुतेक वेळा तसंच असतं.

आधी मुळापासून घेऊ. कोळसा व्हायचा तर झाडपाला साचून पीट (अर्धवट कुजलेल्या झाडपाल्याचा थर) व्हायला हवं, आणि पीट टिकायचं तर ते कायम पाण्याच्या पातळीलगत राहायला हवं. पातळीच्या वर आलं की हवा लागून कुजतं, खाली गेलं की वर तळं होतं आणि चिखल बसतो. आता सोळा मीटर कोळसा म्हणजे त्याच्या कितीतरी पट पीट. एवढा ढीग साचूनही वरचा पृष्ठभाग पाण्याच्या पातळीलाच राहिला, याचा अर्थ तळ तेवढ्याच वेगाने खाली जात होता. दादर स्टेशनवर खाली येणाऱ्या सरकत्या जिन्यावर कोणी वर चढायला लागलं तर काय होईल? जिन्याच्याच वेगाने चढलं तर माणूस आहे तिथेच राहील, मंद चढलं तर खाली येईल, भराभर चढलं तर वर निघून जाईल. पीट आणि खचणारा तळ यांचं नातं नेमकं असंच आहे. जाड, सलग थर म्हणजे दोन्ही वेग दीर्घकाळ जुळल्याची नोंद.

ढोबळ हिशेब करून बघा. आजच्या उष्ण प्रदेशांतल्या दलदलीत पीट वर्षाला साधारण एक ते दोन-तीन मिलिमीटरने वाढतं. गोंडवनातली ग्लॉसोप्टेरिसची (आता नामशेष झालेल्या एका झाडाची) जंगलं थंड हवामानातली, त्यामुळे आपण १ मिलिमीटरच धरू. पाच मीटर पीट दबून एक मीटर कोळसा झाला असं मानलं, तर एक मीटर कोळशाला पाच हजार वर्षं आणि सोळा मीटरला ऐंशी हजार वर्षं लागली. दबण्याचं हे प्रमाण ठिकाणानुसार खूप बदलतं, म्हणून या आकड्याला फार चिकटू नका. पण मध्य प्रदेशातल्या सिंगरौलीच्या झिंगुर्दा थराची जाडी १३० मीटरच्या वर आहे हे लक्षात घ्या, म्हणजे ऐंशी हजाराचे लाखो होतात. इतका काळ तळ ना फार भरभर खचला, ना थांबला. कोळशाच्या खोऱ्यात भूहालचालीचं पहिलं आणि सगळ्यात मोठं काम हेच. तिच्यात गाजावाजा नाही, धरणीकंपाची नाट्यमयता नाही. वर्षाला मिलिमीटरच्या हिशेबात जागा करून देत राहणं, बस.

ही जागा कुठे झाली हे नकाशावर स्पष्ट दिसतं. प्राणहिता-गोदावरीचा पट्टा, ज्याच्या वायव्य टोकाला आपलं वर्धा खोरं येतं, तो धारवाड आणि बस्तर या दोन जुन्या भूखंडांच्या सांध्यावर वायव्य-आग्नेय पसरलेला आहे. महानदीचा पट्टा बस्तर आणि सिंहभूमच्या मधे. दामोदर खोऱ्यातली राणीगंज, झरिया, बोकारो, करणपुरा ही कोळसाक्षेत्रं पूर्व-पश्चिम ओळीत. पर्मियन काळात, म्हणजे सुमारे ३० ते २५ कोटी वर्षांपूर्वी, गोंडवनावर (भारत ज्याचा भाग होता त्या जुन्या महाखंडावर) ताण आला तेव्हा जमीन जिथे आधीच कच्ची होती तिथेच ती ताणली गेली आणि खचली. "आधीची" हालचाल म्हणतो ती ही. खोऱ्याची दिशा तिने कोळशाच्या कितीतरी आधी ठरवून ठेवली होती.

इथे एक पुस्ती जोडतो. तळातली सगळीच खोलगट जागा टेक्टॉनिक नसते. गोंडवनाच्या बुडाशी तालचीर शिला आहेत, हिमनद्यांनी आणलेल्या गोट्यांच्या. चंद्रपूरजवळ इरई नदीत जुन्या चुनखडकावर हिमनदीने ओढलेल्या चरा आहेत. प्रकल्पासाठी तिकडे जाल तेव्हा आवर्जून बघा, हात फिरवला की कळतात. अशा ठिकाणी काही खळगे बर्फाने कोरलेले असतात, आणि बर्फाचं ओझं उतरलं की जमीन हळूहळू वरही येते. त्यामुळे तालचीरची जाडी जागोजाग बदलते म्हणून लगेच फॉल्ट काढायला जाऊ नये. त्याच्या वरच्या, कोळसा असलेल्या बाराकर शिलासमूहापासून वर मात्र खोऱ्याच्या खचण्याचा हिशेब जास्त भरवशाने मांडता येतो.

आता तुमच्या फॉल्टकडे. माझ्या मते कोळशाच्या थराइतकंच, किंबहुना जास्तच, दोन थरांमधल्या दगडाकडे बघायला हवं. खाणीत सगळ्यांचं लक्ष कोळशावर असतं, मधला दगड "पार्टिंग" म्हणून काढून टाकायचा. भूशास्त्राच्या दृष्टीने बोलका असतो तो दगडच.

समजा तुमच्याकडे दोन ओळखीचे थर आहेत, एक खालचा आणि एक वरचा, आणि दोन्ही फॉल्टच्या दोन्ही बाजूंना नक्की जुळतात. खालच्या थराचा तळ पूर्वेला ४० मीटर खाली आहे. वरच्या थराचा तळ मात्र पूर्वेला २५ मीटरच खाली. म्हणजेच दोन्ही तळांमधलं अंतर पश्चिमेला ३० मीटर असेल तर पूर्वेला ४५. ही जादाची १५ मीटर जाडी आली कुठून? खालचा थर साचून झाल्यावर आणि वरचा सुरू होण्याआधी पूर्वेची बाजू १५ मीटर खचली, आणि नदीने तेवढी जागा वाळू-चिखलाने भरून काढली. उरलेले २५ मीटर वरचा थर झाल्यानंतर केव्हातरी. एकाच फॉल्टने साचण्यावर परिणाम केला आणि नंतर तोडफोडही केली. तुमच्या शंकेचं उत्तर या वजाबाकीत आहे. मधला दगड साचल्यावर दबतो, म्हणून खरा आकडा १५पेक्षा थोडा जास्तच असेल.

याउलट दोन्ही थरांचा थ्रो (फॉल्टमुळे थर जेवढा खालीवर झाला ते अंतर) सारखाच, मधला दगडही दोन्हीकडे सारखाच असेल, तर तो फॉल्ट नंतरचा. त्याने थर खालीवर केला, पण जाडी ठरवली नाही. मग पूर्वेकडचं फुटणं त्याच्या माथी मारता येणार नाही, दुसरं कारण शोधावं लागेल.

दुसरं कारण बहुतेक वेळा नदी असते. दलदलीच्या कडेने वाहणारी नदी पुरात काठ फोडते, वाळूची जीभ दलदलीत पसरवते. काही काळाने नदी पात्र बदलते आणि त्या वाळूवर पुन्हा झाडं वाढून पीट साचतं. थर दोन भागांत फुटला, आणि यात कुठलाही फॉल्ट नाही. शिवाय पीट आणि चिखल खूप दबतात, वाळू कमी दबते. त्यामुळे वाळूच्या जाड पट्ट्यावर थर कमानीसारखा उचललेला आणि बाजूला खाली गेलेला दिसतो. बोअरहोल विरळ असतील तर कागदावर ही कमान हुबेहूब फॉल्टसारखी दिसते.

मग फरक कसा ओळखायचा? मी ज्या कसोटीवर सगळ्यात जास्त विश्वास ठेवतो ती सांगतो. थर जिथून फुटायला लागतो ती रेषा नकाशावर काढा. प्रत्येक थराची वेगळी. नदी भटकते, त्यामुळे नदीने फोडलेल्या थरांच्या रेषा वळणावळणाच्या असतात आणि एका थराची रेषा दुसऱ्याच्या रेषेवर पडत नाही. खचणारा फॉल्ट मात्र जागा सोडत नाही. तीन-चार थर एकावर एक, सगळे त्याच पट्ट्यात, जवळपास सरळ रेषेत फुटत असतील, तर खाली काहीतरी पुन्हापुन्हा हलत होतं असं म्हणायला आधार आहे. एकाच थरावरून असा निष्कर्ष काढणं म्हणजे उचलली जीभ लावली टाळ्याला.

मात्र नदी आणि फॉल्ट ही दोन टोकं आहेत असंही समजू नका. खचणारी बाजू सखल होते आणि नदी सखल बाजूलाच ओढली जाते. म्हणजे जमीन टेक्टॉनिक्सने खचली आणि वाळू आणली नदीने. सक्रिय फॉल्टच्या खचलेल्या बाजूला सँडस्टोनचं प्रमाण वाढलेलं दिसतं ते याचमुळे. फार जोरात खचलं तर उलट होतं: नदीची वाळू पोचायच्या आत तळं तयार होतं आणि जाड काळा शेल बसतो. म्हणून नुसती जाडी बघू नका, जादाची जाडी कशाने भरली आहे तेही बघा.

कोअर बॉक्सपाशी बसलात की दोन जागा नीट तपासा. पहिली, थराचं छत. कोळशावर सँडस्टोन येतो तिथे हद्द धारदार आणि खडबडीत आहे का, आणि सँडस्टोनच्या तळाशी कोळशाच्या टिकल्या, चिखलाचे तुकडे अडकलेत का? असतील तर नदीने वरचं पीट खरवडून नेलं. तिथे थर पातळ दिसणारच. त्याचा खचण्याशी संबंध नाही. हद्द मऊ असेल, म्हणजे कोळसा, मग कोळसामिश्रित शेल, मग करडा शेल असं हळूहळू बदलत गेलं असेल, तर दलदल बुडाली. हे खचण्याचा वेग वाढल्याचं लक्षण असू शकतं. दुसरी जागा थराची बैठक. तिथे मुळांच्या बारीक काळ्या रेघा चिकणमातीत उभ्या उतरलेल्या दिसतात का? दिसल्या तर झाडं तिथेच उगवली होती. कोअरचा तुकडा ओल्या फडक्याने पुसा आणि तिरप्या उन्हात धरा, रेघा उठून दिसतात. फुटलेल्या तिन्ही भागांच्या बैठकीत मुळं मिळाली, तर प्रत्येक वेळी दलदल पुन्हा नव्याने रुजली असं ठामपणे लिहिता येईल.

राखेचं प्रमाणही मदत करतं. आपल्या गोंडवना कोळशात राख जास्त, बऱ्याच ठिकाणी ३० ते ४५ टक्के. याचं एक मोठं कारण असं की खोरी अरुंद, भोवती उंच जमीन, आणि दलदलीत सतत गाळ शिरत राहिला. फॉल्टच्या दिशेने जाताना राख एकसारखी वाढत असेल तर त्या बाजूने गाळ येत होता. थराची राख पट्टीपट्टीने मोजलेली असेल तर ते आकडे मिळवा. सरासरीत सगळं झाकलं जातं.

दोन धोके तुमच्या लॉगमध्ये हमखास असतील. बोअरहोल "नॉर्मल" फॉल्टमधून (ताणामुळे एक बाजू खाली घसरलेल्या फॉल्टमधून) आरपार गेलं तर मधला तुकडा गायब होतो. लॉगमध्ये थर सोळाऐवजी नऊ मीटर दिसतो आणि माणूस "इथे थर पातळ झाला" असं लिहून मोकळा होतो. फॉल्टच्या लगतच्या बोअरहोलमधली जाडी म्हणूनच जाडीच्या नकाशात घेऊ नये, किंवा वेगळ्या खुणेने दाखवावी. दुसरा धोका कामठी शिलासमूहाचा. वर्धा खोऱ्यात बाराकरनंतर जमीन उचलली गेली, झिजली आणि त्या झिजलेल्या पृष्ठभागावर कामठीचा सँडस्टोन बसला. काही ठिकाणी बाराकरचा वरचा भाग कोळशासकट साफ झालेला आहे. तिथे वरचे थर नसणं म्हणजे ते साचलेच नाहीत असं नव्हे. याच हद्दीचा तुम्हाला फायदाही आहे: फॉल्टने बाराकर कापला आणि कामठी अखंड राहिला, तर त्या फॉल्टचं वय दोन्ही बाजूंनी बांधलं गेलं. पुढे पश्चिमेकडे या सगळ्यावर लॅमेटा (ट्रॅपच्या खालचे गाळाचे खडक) आणि मग डेक्कन ट्रॅप (लाव्हाचे थर) येतो. फॉल्टने ट्रॅपही कापला असेल तर त्यावरची निदान शेवटची हालचाल ६.६ कोटी वर्षांच्या अलीकडची.

हे सगळं परिस्थितीवर किती अवलंबून आहे ते दामोदर खोऱ्याच्या उदाहरणावरून कळेल. झरियासारख्या क्षेत्रात दक्षिणेला मोठा सीमाफॉल्ट आहे आणि थर त्याच्याकडे कललेले आहेत. खोरं एका बाजूने खचलं असं चित्र लगेच डोळ्यांसमोर येतं. पण तो फॉल्ट कोळसा साचत असताना किती सक्रिय होता, यावर जाणकारांत पूर्वीपासून मतभेद आहेत. त्या वेळी तिथे उंच कडा असता तर पायथ्याशी भरड गोट्यांचे पंख्यासारखे पसरलेले ढीग साचायला हवे होते. कोळशाच्या थरांसोबत ते अपेक्षेइतके दिसत नाहीत, आणि नद्यांची दिशाही साधारण वायव्येकडे होती. माझा कल असा की साचतानाचं खचणं संथ आणि पसरट होतं, आणि आज दिसणारा मोठा थ्रो बराचसा नंतरचा. वर्धा खोऱ्यातही मी याच गृहीतकाने सुरुवात करतो आणि पुरावा मिळाला तर बदलतो.

आसाममधल्या माकूमची गोष्ट तर पूर्ण वेगळी. तिथला कोळसा ऑलिगोसीन काळातला (गोंडवनापेक्षा खूप अलीकडचा), समुद्राजवळच्या दलदलीतला, म्हणून त्यात गंधक जास्त. पुढे डोंगर उभे राहताना थ्रस्टने (खडक एकमेकांवर चढवणाऱ्या फॉल्टने) त्याला रेटून तिरपं केलं. गोंडवनाचे नियम तिथे जसेच्या तसे लावता येत नाहीत.

तुम्ही शेवटी लिहिलंय की मुंबईत राहून हे काही बघायला मिळत नाही. याच्याशी मी सहमत नाही. कसाऱ्याच्या लोकलमध्ये बसा. घाटाजवळ लाव्हाचे थर जवळपास आडवे दिसतात. तेच थर पनवेलच्या पट्ट्यात पश्चिमेला, समुद्राकडे कललेले आहेत. पनवेल फ्लेक्शर म्हणतात ते हेच. लाव्हा ओतून झाल्यावर किंवा त्याच्या अखेरच्या काळात किनारा खाली वाकला. साचून झाल्यावरच्या हालचालीचा हा धडा लोकलच्या पासात मिळतो.

साचतानाच्या हालचालीचा धडा समुद्राखाली आहे. १९७४ साली बॉम्बे हायला तेल लागलं. त्या मुंबई ऑफशोअर खोऱ्यात डेक्कन ट्रॅपच्या वर पन्ना फॉर्मेशन आहे, पॅलिओसीन-इओसीन काळातलं. त्यात शेलसोबत कोळशाचे पट्टे आहेत, आणि तिथल्या तेलाचा तो मुख्य स्रोत मानला जातो. ताण पडून खचलेल्या खळग्यांत पन्ना जाड आहे, आणि बॉम्बे हायच्या माथ्यावर ते बसलंच नाही. तळ जिथे खचला तिथे गाळ, जिथे वर राहिला तिथे काही नाही. तुमच्या फॉल्टवर जे १५ मीटरांत शोधायचं आहे, तेच इथे फार मोठ्या प्रमाणावर घडलेलं आहे. विद्यापीठाच्या ग्रंथालयात या खोऱ्याचे प्रकाशित भूकंपीय छेद (लहरी पाठवून काढलेली जमिनीच्या आतली चित्रं) मिळतील. फॉल्टच्या दोन्ही बाजूंना थरांची जाडी कशी बदलते यावर एक दुपार घालवा, वर्ध्याच्या लॉगकडे बघायची नजर बदलेल.

आता कामाचं. सगळ्यात आधी बोअरहोलमधली जाडी थराच्या कलाप्रमाणे, म्हणजे तो किती तिरपा आहे त्याप्रमाणे, दुरुस्त करा. फॉल्टने कापलेली बोअरहोल बाजूला काढा. मग किमान दोन, जमल्यास तीन ओळखीचे थर घेऊन फॉल्टच्या दोन्ही बाजूंना थ्रो मांडा आणि वर सांगितलेली वजाबाकी करा. त्यानंतर फुटण्याच्या रेषा एकाच नकाशावर वेगवेगळ्या रंगांत काढा. पाच-सहा बोअरहोलवर हे होणार नाही. फॉल्टच्या प्रत्येक बाजूला, फॉल्टपासून वेगवेगळ्या अंतरावर पुरेशी बोअरहोल नसतील तर प्रबंधात "नदी आणि खचणं दोन्ही शक्य, उपलब्ध माहितीवर वेगळं करता येत नाही" असं स्वच्छ लिहा. परीक्षक त्याबद्दल गुण कापणार नाहीत, आणि कापायला लागले तर वजाबाकीचा तक्ता त्यांच्यापुढे ठेवा.

थ्रोचे आकडे आणि फुटण्याच्या रेषांचा नकाशा तयार झाला की इथेच टाका. मधल्या दगडात सँडस्टोन किती आणि शेल किती हे दोन्ही बाजूंचं वेगवेगळं लिहायला विसरू नका. त्याशिवाय मला पुढचं काही सांगता येणार नाही.